सांता क्लारा काउंटीचे असेसर कार्यालय: लॅरी स्टोन यांची तीस वर्षे आणि तुमचे प्रॉपर्टी टॅक्सचे बिल

सनीव्हेलचे माजी महापौर लॅरी स्टोन नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीचे असेसर (मालमत्तेचे टॅक्ससाठीचे मूल्य ठरवणारा अधिकारी) म्हणून निवडून आले आणि २०२५ च्या मध्यावर निवृत्त होईपर्यंत दर निवडणुकीत तेच निवडून येत राहिले. क्युपर्टिनो, सनीव्हेल, सॅन होजे, मिलपिटास या पट्ट्यात घर घेतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी तोवर दुसरा असेसर पाहिलेलाच नव्हता. तरीही या कार्यालयाबद्दल जे बोलले जाते त्यातले निम्मे चुकीचे असते. ‘असेसरने टॅक्स वाढवला’ हे वाक्य तर हमखास ऐकू येते, आणि ते बहुतेक वेळा खरे नसते. म्हणून हा आढावा: कार्यालय काय करते, कुठे चोख आहे, कुठे कमी पडते, आणि घरमालकाने केव्हा काय करायचे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. किंमत ठरवण्याचे काम आणि हिशेबाचा उघडेपणा या दोन बाबतींत स्टोन यांचे कार्यालय कॅलिफोर्नियातल्या चांगल्या काउंटी कार्यालयांत मोडते. नव्या घरमालकाला पहिल्या वर्षी काय भरावे लागेल हे समजावण्यात मात्र व्यवस्था ढिली आहे. शिवाय सवलतींपैकी बऱ्याचशा मागितल्याशिवाय मिळत नाहीत. हा दोष काही अंशी कायद्याचा आहे, पण त्याचा फटका घरमालकालाच बसतो.

आधी खिडक्या नीट ओळखून घ्या, कारण चुकीच्या खिडकीवर गेलेला अर्ज म्हणजे हुकलेली मुदत. असेसर फक्त तीन गोष्टी करतो: कोणती मालमत्ता कुणाची आहे याची यादी ठेवतो, तिचे मूल्य ठरवतो आणि सवलती मंजूर करतो. टॅक्सचा दर तो ठरवत नाही. मूळ दर १ टक्का, तो राज्यघटनेनेच बांधलेला. त्यावर मतदारांनी मंजूर केलेल्या शाळा, कॉलेज, इस्पितळ अशा कर्जरोख्यांची भर पडते. त्यामुळे या काउंटीतला प्रत्यक्ष दर भागानुसार साधारण १.१ ते १.२५ टक्क्यांपर्यंत जातो. बिल पाठवणे आणि पैसे घेणे हे काम टॅक्स अँड कलेक्शन्स खात्याचे. मूल्याविरुद्ध अपील करायचे तर अर्ज जातो क्लार्क ऑफ द बोर्डकडे (काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्सच्या कार्यालयाकडे), आणि निकाल देते असेसमेंट अपील्स बोर्ड, जे असेसरच्या हाताखाली नाही. बिलावर ‘पार्सल टॅक्स’ म्हणून जी ठरावीक रक्कम असते तिचा घराच्या मूल्याशी काही संबंध नसतो. ती कमी करून घ्यायला असेसरकडे जाऊन उपयोग नाही.

मूल्याचे गणित जून १९७८ मध्ये मंजूर झालेल्या प्रॉप १३ वर उभे आहे (प्रॉप म्हणजे प्रॉपोझिशन, मतदारांपुढे थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव). घर विकत घेतले की त्या दिवसाचा बाजारभाव हे ‘बेस इयर’ मूल्य. पुढे दर वर्षी महागाईच्या निर्देशांकाइतकी वाढ, पण २ टक्क्यांहून अधिक नाही. बहुतेक वर्षी ही वाढ पूर्ण २ टक्के असते. काही वर्षी ती कमी पडली: २०१४-१५ ला अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि २०१०-११ ला तर निर्देशांक शून्याखाली गेल्यामुळे मूल्ये किंचित उतरली. घर विकले जात नाही किंवा त्यात नवे बांधकाम होत नाही तोवर बाजारभावाचा या आकड्याशी संबंध नाही. म्हणूनच एकाच रस्त्यावर, एकाच नकाशाच्या दोन घरांपैकी १९८५ मध्ये घेतलेल्याचा टॅक्स तीन हजार डॉलर आणि गेल्या वर्षी घेतलेल्याचा तीस हजार असे चित्र दिसते. याचे खापर असेसरवर फोडणे अन्याय्य आहे. उलट स्टोन यांनी ही तफावत झाकून ठेवली नाही. त्यांच्या कार्यालयाचा वार्षिक अहवाल हा या काउंटीतल्या सर्वांत वाचनीय सरकारी दस्तऐवजांपैकी एक आहे: कोणत्या शहराची यादी (म्हणजे तिथल्या मालमत्तांचे एकूण मूल्य) किती वाढली, कोणत्या काळात घेतलेल्या घरांवर किती भार आहे, किती अपिले आली, सगळे तक्त्यांसह. अलीकडे ही एकूण यादी ७०० अब्ज डॉलरच्या आसपास पोचली. या महसुलातला जवळपास निम्मा वाटा सार्वजनिक शिक्षणाला जातो, हेही त्यातच कळते.

आता सप्लिमेंटल बिलाकडे येऊ, कारण नव्या घरमालकाची खरी दमछाक तिथे होते. १९८३ पासून कायदा असा आहे की घर हस्तांतरित होताच जुन्या आणि नव्या मूल्यातल्या फरकावर उरलेल्या आर्थिक वर्षापुरता टॅक्स वेगळ्या बिलाने आकारायचा. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. क्लोजिंग (खरेदीचा व्यवहार पूर्ण होणे) ज्या महिन्यात झाले त्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून हिशेब सुरू होतो.

उदाहरण घ्या. विकणाऱ्याचे जुने मूल्य ४ लाख डॉलर, तुमची खरेदी १५ लाखांना, क्लोजिंग १२ सप्टेंबरला, दर १.२ टक्के धरू. फरक ११ लाख. त्याचा वर्षाचा टॅक्स १३,२०० डॉलर. हिशेब १ ऑक्टोबरपासून, म्हणजे नऊ महिने, म्हणजे ०.७५. सप्लिमेंटल बिल ९,९०० डॉलर. याशिवाय नेहमीचे वार्षिक बिल येतेच, पण ते अजून जुन्या ४ लाखांवर, साधारण ४,८०० डॉलरचे, कारण ती यादी १ जानेवारीच्या स्थितीवर ठरलेली असते. बिल कमी आले म्हणून नवे मालक खूश होतात आणि काही महिन्यांनी ९,९०० चे पाकीट येते.

क्लोजिंग जानेवारी ते मे यांपैकी कोणत्या महिन्यात झाले तर एक नव्हे, दोन सप्लिमेंटल बिले येतात. तेच घर फेब्रुवारीत घेतले असते तर पहिले बिल १ मार्च ते ३० जूनचे, ०.३३ या गुणकाने सुमारे ४,३५० डॉलर. आणि दुसरे पुढच्या पूर्ण आर्थिक वर्षाचे, १३ हजारांच्या घरात, कारण त्या वर्षाची यादीसुद्धा १ जानेवारीला, म्हणजे तुमच्या खरेदीच्या आधी, ठरली होती. दुसरे बिल चुकून आलेले नाही. जून ते डिसेंबरच्या क्लोजिंगला मात्र एकच बिल येते.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती इम्पाउंड खात्यामुळे. लेंडर (गृहकर्ज देणारी संस्था) दर महिन्याला हप्त्याबरोबर टॅक्सचे पैसे कापून घेतो, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण सप्लिमेंटल बिल लेंडरकडे जात नाही, थेट मालकाच्या पत्त्यावर येते, आणि लेंडरने ते भरलेले नसते. मुदत चुकली की १० टक्के दंड. वर आकडे पाहिलेच आहेत. ९,९०० वर ९९० डॉलर विनाकारण जातात. क्लोजिंगनंतर कॅल्क्युलेटर घेऊन बसा, वरच्या रीतीने रक्कम काढा आणि ती वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. डीडवर (खरेदीखतावर) टपालाचा पत्ता कोणता दिला आहे तो तपासा. जुना भाड्याच्या घराचा पत्ता राहिला असेल तर बिल तिकडे जाईल, आणि बिल मिळाले नाही हे दंड माफ होण्यास पुरेसे कारण ठरत नाही.

कार्यालयावरची आमची पहिली तक्रार इथेच. नव्या मूल्याची सूचना असेसरकडून, बिल दुसऱ्या खात्याकडून, दोन्हींमध्ये बराच काळ आणि दोन्हींची भाषा कायद्याची. एखादी कपात झाली तर त्याचा परतावाही याच संथ वाटेने येतो. एका पानाचे साधे वेळापत्रक क्लोजिंगनंतर महिन्याभरात मालकाच्या हाती पडले तर बहुतेक दंड टळतील.

नेहमीच्या बिलाच्या तारखा पाठच करून ठेवा: पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय, १० डिसेंबरनंतर दंड, दुसरा १ फेब्रुवारीला देय, १० एप्रिलनंतर दंड.

स्टोन यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम कोणते असे विचारले तर आम्ही मंदीच्या काळातल्या कपाती दाखवू. नोव्हेंबर १९७८ च्या प्रॉप ८ नुसार १ जानेवारीला बाजारभाव तुमच्या प्रॉप १३ च्या मूल्यापेक्षा खाली असेल तर त्या वर्षापुरते कमी मूल्य लावायचे. २००८ नंतर घरांचे भाव कोसळले तेव्हा या काउंटीत एका वर्षी लाखाहून अधिक मालमत्तांचे मूल्य असे उतरवले गेले, आणि यातल्या बहुतेकांनी अर्ज केला नव्हता. कार्यालयाने आपणहून विक्रीचे आकडे तपासून कपात दिली. यादी कमी झाली की काउंटीचा, शहरांचा, शाळांचा महसूल घटतो. तरीही असेसरने बाजार खाली गेल्याचे मान्य करायचे, हा या पदाचा खरा कस आहे. निवडून आलेल्या असेसरची पारख करायला यापेक्षा चांगले मोजमाप आम्हाला सापडलेले नाही.

पण प्रॉप ८ ची दुसरी बाजू लोकांना अस्वस्थ करते. ही कपात तात्पुरती असते. समजा २०२२ च्या वसंतात २० लाखांना घर घेतले. जानेवारी २०२३ ला बाजारभाव १७.५ लाख, म्हणून मूल्य तितके झाले. जानेवारी २०२४ ला भाव १९.५ लाखांवर गेला, तर मूल्यही १९.५ होते: एका वर्षात ११ टक्क्यांहून अधिक वाढ. ‘२ टक्क्यांची मर्यादा कुठे गेली?’ असा संतप्त फोन हमखास येतो. मर्यादा जागेवरच आहे. ती मूळ २० लाखांना लागू आहे आणि ती रेषा २०२४ ला २०.८ लाखांवर पोचली आहे. त्या रेषेच्या खाली मूल्य बाजाराबरोबर कितीही वरखाली होऊ शकते.

कपात आपोआप मिळाली नाही तर काय करायचे, तेही पायरीपायरीने पाहू. जूनच्या अखेरीस असेसरकडून मूल्याचे कार्ड घरी येते. हे कार्ड टॅक्सच्या बिलाच्या तीन-चार महिने आधी येते आणि राज्यातल्या सगळ्याच काउंट्या ते सर्व मालकांना पाठवत नाहीत. या सेवेला पूर्ण गुण. कार्डावरचा आकडा १ जानेवारीच्या बाजारभावापेक्षा जास्त वाटला तर जुलैमध्येच असेसरकडे अनौपचारिक फेरतपासणी मागा. त्याला पैसे पडत नाहीत. पण उत्तराची वाट पाहत औपचारिक अपिलाची मुदत घालवू नका: या काउंटीत ती २ जुलै ते १५ सप्टेंबर अशी आहे. कॅलिफोर्नियातल्या काही काउंट्यांत ३० नोव्हेंबरपर्यंत सवड असते, तिकडच्या मित्राचे ऐकून इथली तारीख हुकवणारे दर वर्षी निघतात. सप्लिमेंटल मूल्याविरुद्धचे अपील वेगळे. त्याला सूचनेच्या तारखेपासून ६० दिवस.

पुरावा म्हणजे शेजारच्या विक्रीचे तीन ते पाच व्यवहार. ते १ जानेवारीच्या जवळचे हवेत आणि ३१ मार्चनंतरचे चालत नाहीत, कारण मूल्याच्या तारखेनंतर ९० दिवसांपुढची विक्री बोर्ड विचारात घेऊ शकत नाही. उन्हाळ्यात पडलेले भाव दाखवून उपयोग नसतो, ते पुढच्या जानेवारीला कामाला येतील. क्षेत्रफळ, प्लॉट, बांधणीचे वर्ष जुळणारी घरे निवडा आणि शाळेची हद्द पाळा. क्युपर्टिनोत एका रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी हायस्कूल लागली तर भावात मोठा फरक पडतो, आणि समोरचा, असेसरच्या बाजूचा अप्रेझर (मूल्यांकन करणारा) हे तुमच्याइतकेच जाणतो. संकेतस्थळांवरचा अंदाजी भाव हा पुरावा नव्हे. ‘शेजाऱ्याचे मूल्य माझ्याहून कमी’ हाही मुद्दा टिकत नाही. प्रॉप १३ मध्ये ते अपेक्षितच आहे. खुल्या बाजारात घर घेतले असेल तर खरेदीची किंमत हेच बाजारमूल्य असे कायदा गृहीत धरतो, त्यामुळे ‘बोली लावताना जास्त दिले’ हे सांगून बेस इयर खाली येत नाही.

दोन गोष्टी घरमालकाच्या बाजूच्या आहेत आणि फारशा कुणी सांगत नाही. तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराच्या अपिलात, मागितलेली माहिती तुम्ही वेळेवर दिली असेल तर मूल्य बरोबर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी असेसरवर असते. आणि बोर्डाने दोन वर्षांत निकाल दिला नाही, तुम्हीही मुदतवाढीला लेखी संमती दिली नाही, तर सामान्यतः तुमच्या अर्जातला आकडा यादीवर चढतो. म्हणून मुदतवाढीच्या कागदावर सही करण्याआधी विचार करा. अपील चालू असतानाही टॅक्स वेळेवर भरायचाच असतो, आणि बोर्डाला मूल्य वाढवण्याचाही अधिकार आहे.

बड्या कंपन्यांशी झालेल्या झटापटींचा उल्लेख केल्याशिवाय स्टोन यांचा लेखाजोखा पुरा होत नाही. ॲपलने क्युपर्टिनोतल्या एका मालमत्तासमूहाविरुद्ध केलेल्या अपिलात, असेसरने सुमारे १ अब्ज डॉलर ठरवलेले मूल्य २०० डॉलर असल्याचा दावा अर्जात केला होता; २०१८ मध्ये ती बातमी देशभर गाजली. इतका खालचा आकडा ही अपिलातली डावपेचाची रीत आहे, पण वर सांगितलेला दोन वर्षांचा नियम लक्षात घेतला तर कार्यालयाला अशी प्रकरणे किती जपून हाताळावी लागतात ते कळेल. लेव्हाइज स्टेडियमच्या बाबतीत मात्र कार्यालय हरले. स्टेडियम सार्वजनिक मालकीचे, त्यामुळे फोर्टीनाइनर्स संघाच्या वापरहक्कावर टॅक्स लागतो. आपला ताबा वर्षातून निम्माच काळ असतो हा संघाचा मुद्दा अपील बोर्डाने २०१८ मध्ये मान्य केला आणि कोट्यवधी डॉलर परत द्यावे लागले. शाळांनाही त्याची झळ बसली. स्टोन यांनी हा निकाल चुकीचा असल्याचे उघडपणे सांगितले. आमच्या मते वापरहक्काच्या करारांवर कार्यालयाने अधिक भक्कम तयारी करायला हवी होती.

धोरणाच्या प्रश्नांवर गप्प बसणे हा स्टोन यांचा स्वभाव नव्हता. २०२० मध्ये व्यापारी मालमत्तांना प्रॉप १३ मधून वगळून बाजारभाव लावण्याचा प्रॉप १५ मतदानाला आला तेव्हा त्यांनी विरोध केला. हजारो व्यापारी मालमत्तांचे वारंवार मूल्यांकन करायला अप्रेझर आणायचे कुठून, संगणकप्रणाली कुठे आहे, हा त्यांचा व्यावहारिक आक्षेप होता. तो प्रस्ताव पडला. शाळांना पैसे हवेत असे मानणाऱ्यांना त्यांची भूमिका पटली नाही. राबवणाऱ्या माणसाने राबवण्याची अडचण सांगणे आम्हाला योग्यच वाटते.

त्याच निवडणुकीत मंजूर झालेला प्रॉप १९ मात्र आपल्या लोकांना थेट भिडतो. सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकांत आलेली मराठी पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे आणि तिची घरे मुलांकडे जायची वेळ आली आहे. १९८६ पासूनचा नियम उदार होता: आईवडिलांचे राहते घर जुन्या मूल्यासह मुलांना मिळायचे, मुले तिथे राहोत न राहोत. १६ फेब्रुवारी २०२१ पासून तो गेला. आता ते घर पालकांचेही राहते घर असले पाहिजे आणि मूलही वर्षाच्या आत तिथे राहायला आले पाहिजे, शिवाय वर्षाच्या आत होमओनर्स एक्झेम्प्शनचा (राहत्या घरावरच्या सवलतीचा, तिच्याबद्दल पुढे) अर्जही. इतके करूनही सवलतीला मर्यादा आहे; फेब्रुवारी २०२५ पासून ती १०,४४,५८६ डॉलर आहे.

हिशेब असा. जुने मूल्य ५ लाख, आजचा भाव ३० लाख. ५ लाखांत १०,४४,५८६ मिळवले की १५,४४,५८६. बाजारभाव त्यापेक्षा १४,५५,४१४ ने जास्त. ही जास्तीची रक्कम ५ लाखांत मिळवायची: नवे मूल्य १९,५५,४१४. मूल राहायला आले नाही तर सरळ ३० लाख. १.२ टक्क्यांनी दोहोंतला फरक वर्षाला साडेबारा हजार डॉलरच्या आसपास पडतो. भाड्याने दिलेले दुसरे घर मुलांना देताना सवलत उरलेलीच नाही. भावाभावांतल्या हस्तांतरणाला तर आधीही नव्हती: दोघांनी निम्म्या हिश्श्याने घर घेतले आणि नंतर एकाने आपला वाटा दुसऱ्याला दिला, तर त्या निम्म्या भागाचे मूल्य बाजारभावावर जाते. नवराबायकोत नाव चढवणे-उतरवणे किंवा घर आपल्याच रद्द करता येणाऱ्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये टाकणे याने मूल्य बदलत नाही, पण डीड नोंदवताना हस्तांतरणाची माहिती देणारा फॉर्म बरोबर भरून जोडा. तिथे चुकीच्या चौकोनात खूण केल्याने विनाकारण फेरमूल्यांकन होते आणि ते निस्तरायला महिने जातात.

प्रॉप १९ चा फायदा ५५ वर्षांवरच्यांना आहे. १ एप्रिल २०२१ पासून ते आपले जुने मूल्य कॅलिफोर्नियातल्या कोणत्याही काउंटीत, आयुष्यात तीन वेळा, सोबत नेऊ शकतात. दुसरे घर दोन वर्षांच्या आत घ्यायला हवे. ते महाग असेल तरी चालते, फक्त किमतीतला फरक जुन्या मूल्यात मिळवला जातो. जुने घर विकल्यावर वर्षाच्या आत घेतले तर तुलनेसाठी विक्रीच्या किमतीच्या १०५ टक्के धरतात, दुसऱ्या वर्षी ११० टक्के. मुलांजवळ सॅन दिएगोला जायचे असेल तर हा मोठा आधार आहे. टेक्सासला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. हा अर्जही आपणहून करावा लागतो, पूर्ण लाभासाठी तीन वर्षांच्या आत, आणि निर्णयाला वेळ लागतो. तोवर नव्या घराचे बिल पूर्ण भावाने भरत राहावे लागते.

होमओनर्स एक्झेम्प्शन म्हणजे मूल्यातून ७,००० डॉलर वजा, वर्षाला साधारण ७० डॉलरची बचत. रक्कम छोटी, पण अर्ज एकदाच आणि फुकट. १५ फेब्रुवारीपर्यंत केला तर पूर्ण सवलत, १० डिसेंबरपर्यंत ८० टक्के. सरकारी वाटणारी पत्रे पाठवून याच अर्जासाठी पैसे मागणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. त्यांना एक डॉलरही देऊ नका. आणि निवृत्तीनंतर मुक्काम पुण्याला हलवून इथले घर भाड्याने दिले, तर सवलत बंद करायला असेसरला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. न कळवल्यास मागच्या वर्षांची वसुली व्याजासह होते आणि २५ टक्के दंडही बसू शकतो.

परसात एडीयू (मुख्य घराच्या आवारातले छोटे स्वतंत्र घर) बांधताना लोक घाबरतात की सगळ्या घराचे मूल्य बाजारभावावर जाईल. जात नाही. जुन्या घराचे मूल्य तसेच राहते, नव्या बांधकामाने जितकी भर पडली तितकीच मिळवली जाते. ६ लाखांच्या घरात २ लाखांची भर पडली तर ८ लाख. शहराने दिलेल्या पर्मिटची माहिती असेसरकडे पोचतेच. कपाटे, रंग, छप्पर, फरशी बदलणे ही देखभाल धरतात. भिंती उघड्या पाडून घर नव्यासारखे केले तर ते नवे बांधकाम. पर्मिटशिवाय केलेले कामही मूल्यांकनातून सुटत नाही, आणि नंतर सापडले तर मागील वर्षांचे बिल एकदम येते.

दंतवैद्य, रेस्टॉरंट, छोटी कंपनी चालवणाऱ्यांना यंत्रे, फर्निचर, संगणक यांवरही टॅक्स आहे. ५७१-एल हे विवरण १ एप्रिलला देय, ७ मेनंतर १० टक्के दंड. जुनी, विकून टाकलेली यंत्रे यादीतून काढायला विसरणे ही इथली नेहमीची चूक.

स्टोन यांच्या जागेसाठी २०२५ च्या अखेरीस विशेष निवडणूक झाली. नव्या असेसरकडे मागणी करायची तर आम्ही दोनच गोष्टी मागू: क्लोजिंगनंतर महिन्याभरात सप्लिमेंटलचा अंदाजी आकडा मालकाला कळवावा, आणि प्रॉप १९ च्या अर्जांना किती दिवस लागतात ते वार्षिक अहवालात छापावे. भाव पुन्हा पडले तर अर्जाची वाट न पाहता कपात देण्याची रीत चालू आहे का, हे यादी लागल्यावर जुलैत दिसेल.